सूर्याचा आवाज आणि डागाभोवतीचे वलय

(संस्थेच्या व्याख्यानमालेत विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)





विषय निवडण्यामागे एक लहानसा प्रसंग आहे. काही दिवसांपूर्वी मी संस्थेच्या अभ्यासिकेत बसलो होतो. दहावीतला एक मुलगा जवळ आला आणि त्याने मोबाईल माझ्या कानाशी धरला. गंभीर, घुमणारा असा एक आवाज येत होता. तो म्हणाला, "सर, हा सूर्याचा आवाज आहे. नासाने रेकॉर्ड केलाय आणि सूर्य ओम् म्हणतो असं त्यात सांगितलंय. हे खरं आहे का?"

2020 च्या जानेवारीत हाच दावा देशभर फिरला होता, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मी त्या मुलाला तेव्हा "खोटं आहे" एवढे सांगून वाटेला लावू शकलो असतो. पण मग त्याने काय केले असते? मोबाईलवर विश्वास ठेवण्याऐवजी माझ्यावर विश्वास ठेवला असता. म्हणजे फक्त गुरू बदलला असता, सवय तीच राहिली असती. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी जो उपदेश केला त्याचे सार आपण सर्व जाणतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये. तेव्हा मी त्याला म्हणालो, "व्याख्यानाला ये. सूर्याचा आवाज म्हणजे नेमके काय, ते आपण मुळापासून पाहू." तो आज समोर बसलेला आहे.

प्रथम सूर्यावरील डागांविषयी सांगतो, कारण पुढची सर्व कथा त्यांच्याभोवती घडते. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5800 केल्व्हिन आहे. डागाच्या मधल्या काळ्या भागाचे, ज्याला प्रच्छाया म्हणतात, तापमान 4000 केल्व्हिनच्या आसपास असते. म्हणजे डाग काळा नसतोच. तो भोवतालपेक्षा थंड असल्याने तुलनेने काळा दिसतो. आकाशात तो एकटाच असता तर डोळे दिपवील इतका तेजस्वी दिसला असता. मोठ्या डागात आपली पृथ्वी सहज मावते.

युरोपात दुर्बिणीतून हे डाग पाहिले जाऊ लागले ते 1610 नंतर. त्या काळी आकाशातील गोष्टी परिपूर्ण व निष्कलंक असतात अशी समजूत असल्याने, हे डाग सूर्यावरचे नसून सूर्यासमोरून जाणारे छोटे ग्रह असावेत, असेही मत मांडले गेले. गॅलिलिओने रोजच्या रोज चित्रे काढून दाखविले की डाग सूर्याच्या पृष्ठभागाबरोबरच फिरतात. पुढे 1908 साली अमेरिकेत माउंट विल्सन येथे जॉर्ज हेल यांनी डागांमध्ये प्रबळ चुंबकक्षेत्र असल्याचे सिद्ध केले. मोठ्या डागात ते 3000 गॉसच्या घरात जाते. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे, यावरून त्याच्या बळाची कल्पना यावी. हे क्षेत्र खालून वर येणाऱ्या उष्ण वायूला रोखून धरते आणि म्हणून तो भाग थंड राहतो. लगेच 1909 साली आपल्या देशात, कोडाईकनाल वेधशाळेत, जॉन एव्हरशेड यांना डागाच्या फिकट कडेतून वायू बाहेरच्या दिशेने वाहत असल्याचे आढळले. एव्हरशेड परिणाम म्हणून तो आजही जगभर ओळखला जातो.

आता आवाजाकडे येऊ. एव्हरशेड यांनी वायूचा वेग मोजला तो कसा? रेल्वे फाटकाजवळ उभे राहिल्यावर शिट्टी वाजवीत येणारी गाडी आपण सर्वांनी ऐकलेली आहे. गाडी जवळ येताना शिट्टीचा सूर चढा असतो आणि ती पुढे गेली की उतरतो. प्रकाशाचेही तसेच असते. चकाकणारा वायू आपल्याकडे येत असेल तर त्याच्या प्रकाशाची लांबी किंचित आखडते, दूर जात असेल तर किंचित वाढते. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. या युक्तीने पंधरा कोटी किलोमीटर दूर असलेल्या वायूचा वेग घरबसल्या मोजता येतो.

1960 च्या सुमारास माउंट विल्सन येथेच रॉबर्ट लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीने सूर्याचा पृष्ठभाग तपासला. तेव्हा त्यांना दिसले की पृष्ठभागाचा प्रत्येक तुकडा वरखाली होत आहे, आणि एक हेलकावा पुरा व्हायला सुमारे पाच मिनिटे लागतात. याचे कारण कळायला आणखी दहा वर्षे गेली. 1970-71 मध्ये रॉजर उलरिच यांनी, आणि स्वतंत्रपणे लाइबाकर व स्टाइन यांनी सांगितले की या सूर्याच्या पोटात अडकलेल्या ध्वनिलहरी आहेत. 1975 साली फ्रान्झ-लुडविग डॉयब्नर यांच्या निरीक्षणांनी हे पटले. घंटेला टोला दिला की तिच्या आकारमानाप्रमाणे व धातूप्रमाणे ठराविक सूर निघतात. तसेच सूर्याच्या आत उकळणारा वायू त्याला सतत टोले देत असतो आणि लाखो सूर एकाच वेळी निघत असतात.

मग हे सूर आपल्या कानाला ऐकू येतील का? येणार नाहीत. त्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये पोकळी आहे आणि ध्वनीला वाहून न्यायला माध्यम लागते. दुसरे म्हणजे माणसाच्या कानाला सेकंदाला 20 पेक्षा कमी कंपने ऐकू येत नाहीत. सूर्याचे एक कंपन पाच मिनिटांचे, म्हणजे 300 सेकंदांचे. हर्ट्झच्या हजारव्या भागात मोजायचे तर त्याची वारंवारता सुमारे 3.3 मिलिहर्ट्झ भरते.

तरीही त्या मुलाच्या मोबाईलवरचा आवाज निव्वळ कल्पनेतून आलेला नव्हता. सोहो नावाच्या अंतराळयानावरील मोजणीतून स्टॅनफर्ड विद्यापीठातील अलेक्झांडर कोसोविचेव्ह यांनी सूर्याच्या कंपनांची ध्वनिफीत तयार केली होती. चाळीस दिवसांची मोजणी घेऊन, काही निवडक सूर वेगळे काढून, त्यांचा वेग 42,000 पटींनी वाढविला तेव्हा कुठे तो गुंजारव ऐकण्याजोगा झाला. गणित करून पाहा. 3.3 मिलिहर्ट्झला 42,000 ने गुणले की सुमारे 139 हर्ट्झ येतात. पुरुषाच्या खर्जातल्या आवाजाजवळचा हा सूर आहे. त्यात कोणाला ओम् ऐकू येईल, कोणाला गिरणीचा भोंगा, कोणाला मधमाश्यांचे पोळे. ऐकू येणारा शब्द ऐकणाऱ्याच्या मनातला असतो. सूर्य फक्त थरथरतो. आणि त्या थरथरण्यात त्याने कोणत्याही मंत्रापेक्षा जास्त माहिती आपल्याला दिलेली आहे, ती अशी.

आपल्याकडे जयंतीच्या कार्यक्रमात भीमगीते होतात तेव्हा पेटीवर सुरुवातीला खालचा सा धरतात, मग वरचा सा लावतात. वरच्या सा ची वारंवारता खालच्याच्या बरोबर दुप्पट असते. सूर्याचा मुख्य सूर 3.3 मिलिहर्ट्झ हा आपण खालचा सा मानू. मग एक सप्तक वर 6.6 मिलिहर्ट्झ येतो. आजचा विषय या वरच्या सुरांचा आहे. त्यांनाच उच्च वारंवारतेची सौर दोलने म्हणतात. एका दोलनाला येथे पाचऐवजी सुमारे अडीच ते तीन मिनिटे लागतात.

या दोन सुरांच्या मध्ये, सुमारे 5.3 मिलिहर्ट्झवर, एक सीमा आहे. सूर्याच्या पृष्ठभागाशी वायूची घनता फार झपाट्याने कमी होते. खालून येणारी लहर संथ असेल तर वरचा विरळ थर सबंधच्या सबंध उचलला जातो आणि पुन्हा खाली बसतो. लहर पुढे सरकत नाही, ती परत आत फिरते. पण लहर जलद असेल तर वरच्या थराला तसे सावकाश सावरायला वेळ मिळत नाही आणि लहर त्यातून पुढे निघून जाते. म्हणून 5.3 च्या खालचे सूर सूर्याच्या पोटात कोंडलेले राहतात, आणि वरचे सूर वातावरणात निसटून जातात. जे निसटून जाते ते पुन्हा पृष्ठभागाला हलवायला येऊ नये, अशी आपली साधी अपेक्षा असते. ही अपेक्षा लक्षात ठेवा, कारण पुढे ती डागांभोवती मोडणार आहे.

आता ही मोजणी अंतराळातून का करावी लागते, ते पाहू. जमिनीवरच्या वेधशाळेला तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे रोज सूर्य मावळतो आणि निरीक्षणाची साखळी तुटते. यावर उपाय म्हणून 1980 च्या सुमारास काही शास्त्रज्ञ थेट दक्षिण ध्रुवावर गेले, कारण तेथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. पुढे 1995 मध्ये गाँग नावाची सहा दुर्बिणींची जागतिक साखळी उभी राहिली. एका ठिकाणी सूर्य मावळला की दुसऱ्या ठिकाणी तो वर असतो. या सहांपैकी एक दुर्बीण आपल्या देशात, उदयपूरला आहे. दुसरी अडचण ढगांची. तिसरी आपल्या हवेची. उन्हाळ्यात तापलेल्या डांबरी रस्त्यावर समोरचे दृश्य जसे थरथरते, तशी हवा सूर्याची प्रतिमा सतत हलवते. सूर्याची बारीक थरथर मोजायची आणि मधली हवाच थरथरत असेल, तर कोणती थरथर कोणाची हे वेगळे करणे फार कठीण होते.

म्हणून 2 डिसेंबर 1995 रोजी सोहो हे यान सोडण्यात आले. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे 15 लाख किलोमीटरवर एल-1 नावाचा बिंदू आहे. तेथून सूर्य चोवीस तास समोर राहतो. सोहोवरचे एमडीआय हे उपकरण मिनिटाला एक याप्रमाणे सूर्याचा वेग-नकाशा तयार करू शकत असे. त्यानंतर 11 फेब्रुवारी 2010 रोजी एसडीओ, म्हणजे सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी, हे यान गेले. त्यावरील एचएमआय हे उपकरण दर 45 सेकंदांनी सबंध सूर्यबिंबाचा वेग-नकाशा बनविते. त्यासाठीच्या प्रतिमेत 4096 गुणिले 4096, म्हणजे सुमारे 1 कोटी 67 लाख बिंदू असतात. प्रत्येक बिंदू सूर्यावरील सुमारे 360 किलोमीटर लांबी दाखवितो, म्हणजे जवळजवळ मुंबई ते छत्रपती संभाजीनगर एवढे अंतर एका ठिपक्यात.

विद्यार्थी मित्रांनो, 45 सेकंद या आकड्याला महत्त्व आहे. झोका मागे आहे की पुढे, हे कळायला एका झोक्यात निदान दोनदा तरी पाहावे लागते. मिनिटाला एकदा पाहिले तर दोन मिनिटांपेक्षा जलद झोका कळत नाही, म्हणजे 8.3 मिलिहर्ट्झला मर्यादा पडते. 45 सेकंदांनी पाहिले तर ती मर्यादा 11 मिलिहर्ट्झपर्यंत सरकते. याच यानावरील एआयए या दुसऱ्या उपकरणाच्या 1600 व 1700 अँगस्ट्रॉमच्या अतिनील प्रतिमा दर 24 सेकंदांनी मिळतात, त्यामुळे आणखी वरचे सूर पाहता येतात. उच्च वारंवारतेचा अभ्यास अशा चपळ डोळ्याशिवाय होत नाही.

एवढे झाले की पद्धत सोपी आहे. एक डाग निवडायचा. काही तासांच्या शेकडो प्रतिमा घ्यायच्या. सूर्य स्वतःभोवती फिरतो म्हणून डाग चौकटीच्या मध्यावर राहील अशा त्या जुळवून घ्यायच्या. मग प्रत्येक बिंदूसाठी वेगाची काळाप्रमाणे रेघ काढायची आणि फूरिये यांच्या गणिताने त्या रेघेतले सूर वेगळे करायचे. शेवटी प्रत्येक सुराचा एक वेगळा नकाशा काढायचा. जेथे तो सूर जोरात आहे तेथे उजळ, जेथे मंद आहे तेथे काळसर.

(येथे पडद्यावर दोन नकाशे दाखविण्यात आले.)

डावीकडचा नकाशा 3 मिलिहर्ट्झच्या आसपासचा आहे. डाग आणि त्याच्या भोवतालचा चुंबकीय प्रदेश काळसर दिसतो. यात नवल नाही. डाग ध्वनिलहरींची ऊर्जा शोषून घेतो हे ब्राउन, ड्युव्हॉल व लबाँट यांनी 1987 साली दाखविले होते. आता उजवीकडे पाहा. हा त्याच डागाचा, त्याच वेळेचा, पण 6 मिलिहर्ट्झच्या वरचा नकाशा. डाग येथेही काळाच आहे. पण त्याच्या भोवताली उजळ कडे पसरलेले आहे. शांत पृष्ठभागापेक्षाही तेथे थरथर जास्त आहे. हे वलय प्रकाशाचे नव्हे. दुर्बिणीतून थेट पाहिले तर तेथे काहीच विशेष दिसत नाही. हे वलय कंपनांचे आहे. 1992 साली दोन वेगवेगळ्या गटांनी ते नोंदविले. ते मुख्यतः 5.5 ते 7.5 मिलिहर्ट्झच्या पट्ट्यात दिसते. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली अपेक्षा येथे मोडते. जे सूर निसटून जायला हवे होते, तेच डागाच्या शेजारी अधिक जोरात सापडतात.

का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञ कसे वागले, तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पहिले उत्तर असे होते की डागाभोवती खाली आवाज निर्माण करणारे स्रोतच जास्त असतील. उत्तर पटण्यासारखे होते. पण त्याची परीक्षा घेता येत होती. ध्वनिलहर म्हणजे वायूचे आखडणे व पसरणे. वायू आखडला की तापतो आणि थोडा उजळतो. तेव्हा जास्त ध्वनी असेल, तर वेगाबरोबर तेजातही जास्त चढउतार दिसायला हवा. 1998 साली हिंडमन व ब्राउन यांनी सोहोच्या प्रतिमा वापरून हे तपासले. वेगाच्या नकाशात वलय होते, पण पृष्ठभागाच्या साध्या तेजाच्या नकाशात नव्हते. म्हणजे निव्वळ जास्त आवाज हे उत्तर पुरेसे नाही. चुंबकक्षेत्र लहरींच्या चालीतच काही फेरफार करीत असले पाहिजे.

पुढे शुंकर व ब्राउन यांनी 2002 च्या जानेवारीत दिसलेल्या 9787 क्रमांकाच्या सक्रिय प्रदेशाची मोजणी तपासली. वलय सर्वांत प्रबळ कोठे असते? जेथे चुंबकरेषा पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, आडव्या असतात तेथे. डागाच्या मध्यात त्या उभ्या असतात आणि बाहेरच्या बाजूला छत्रीच्या काड्यांसारख्या कलत जातात. तेव्हा वलयाचा संबंध क्षेत्राच्या केवळ बळाशी नाही, त्याच्या कलाशीही आहे.

येथे भारतीय शास्त्रज्ञांचा वाटा सांगितला पाहिजे. बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतील एस. पी. राजगुरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली एसडीओच्या प्रतिमांवरून चार सक्रिय प्रदेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती उंचीची होती. एचएमआयचा वेग पृष्ठभागाच्या 100 किलोमीटरच्या आसपासचा असतो. एआयएच्या दोन अतिनील प्रतिमा त्याहून वरच्या, काही शे किलोमीटर उंचीवरच्या थरातून येतात. इमारतीच्या एकाच जिन्याकडे वेगवेगळ्या मजल्यांवर उभे राहून पाहावे, तसे हे झाले. कोण वर चालले आहे आणि कोण परत फिरते आहे, हे एका मजल्यावरून कळत नाही, अनेक मजल्यांवरून कळते. वलयाचे रूप उंचीप्रमाणे व क्षेत्राप्रमाणे बदलते, आणि लहरी वाकून परत वळत असाव्यात अशा खुणा त्यांना मिळाल्या.

हे वाकणे म्हणजे काय? 2009 साली एलेना खोमेंको व मॅन्युएल कोलाडोस यांनी संगणकावर त्याचे चित्र उभे केले होते. डागाच्या शेजारी, पृष्ठभागाच्या थोडे वर, असा एक थर येतो की ज्याच्या खाली वायूचा दाब प्रबळ असतो आणि ज्याच्या वर चुंबकक्षेत्र प्रबळ होते. निसटून वर आलेली जलद लहर तेथे पोहोचली की तिचा काही भाग चुंबकीय लहरीत बदलतो. वर जावे तसा त्या लहरीचा वेग वाढत जातो, म्हणून ती हळूहळू वाकते आणि खाली परतते. त्यामुळे मधल्या पट्ट्यात एकच ऊर्जा जाताना व येताना अशी दोनदा मोजली जाते आणि वलय उजळते. संथ लहरी या थरापर्यंत पोहोचतच नाहीत, म्हणून त्यांचे वलय नाही. डागाच्या आत हा थर आपण पाहतो त्या उंचीच्याही खाली असतो, म्हणून तेथेही वलय नाही. एकाच कारणातून तीन गोष्टी उलगडतात.

परंतु हेच एकमेव उत्तर आहे असे मी आपल्याला सांगणार नाही. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे श्रवण हनसोगे यांनी वेगळी मांडणी केली आहे. चुंबकक्षेत्रावर आदळून लहरी विखुरतात, लांब लहरींची ऊर्जा आखूड लहरींमध्ये जाते आणि त्यामुळे पृष्ठभागाजवळची थरथर वाढते, असे त्या मांडणीचे सार आहे. लहर वाकून परतण्याच्या बाजूने निरीक्षणे व संगणकीय प्रतिरूपे बरीच जुळतात. तरी हिशेब पूर्ण चुकता झालेला नाही. असे असताना यांपैकी कोणी कोणाला धर्मबाह्य ठरविले नाही. प्रत्येकाने एवढेच विचारले की तुमचे म्हणणे खरे असेल तर आकाशात काय दिसले पाहिजे, आणि ते दिसते का?

याचा आम्हाला उपयोग काय, असे पालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. डागांच्या प्रदेशातून सौर ज्वाला व विद्युत्भारित वायूचे लोट उसळतात. 13 मार्च 1989 रोजी अशाच एका सौर वादळाने कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील वीज गेली आणि सुमारे साठ लाख लोक तासन्‌तास अंधारात राहिले. 2024 च्या मे महिन्यातील वादळाने लडाखमधल्या हानले येथून ध्रुवीय प्रकाशाची लाली दिसली. आपले मोबाईल, बँका, विमाने उपग्रहांवर अवलंबून आहेत. डागाच्या पोटात काय चालले आहे आणि सूर्याच्या पलीकडच्या बाजूला नवा डाग उगवला आहे का, हे याच ध्वनिलहरींवरून ओळखण्याचे तंत्र विकसित झाले आहे. पण डागाभोवती लहरींची चाल बदलते हे लक्षात घेतले नाही, तर आतल्या रचनेचे अनुमान चुकते. वजन करण्याआधी तराजूचा फेर तपासावा, तसा हा वलयांचा अभ्यास आहे.

आपल्या देशाचे आदित्य एल-1 हे यान 2 सप्टेंबर 2023 रोजी निघाले आणि 6 जानेवारी 2024 रोजी एल-1 भोवतीच्या कक्षेत स्थिरावले. त्यावरील सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली आहे. 200 ते 400 नॅनोमीटर या पट्ट्यात, अकरा गाळण्यांमधून ती सूर्य पाहते. सूर्याच्या वातावरणाचे आणखी काही मजले त्यामुळे आपल्याला खुले झाले आहेत.

विद्यार्थ्यांनो, आता तुमच्यासाठी. एसडीओने घेतलेल्या प्रतिमा व मोजणी जगातील कोणालाही विनामूल्य मिळते. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही, आडनाव विचारले जात नाही. मी दाखविले तसे नकाशे काढण्यासाठी साधा संगणक, थोडे प्रोग्रॅमिंग आणि बारावीनंतरचे गणित पुरते. ज्ञानाची दारे जन्माच्या आधारावर बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेतून आपण बाहेर आलो आहोत. ज्या दारांना आज कुलूपच नाही, त्यांच्यापुढे आपणच थांबून राहिलो तर तो दोष कोणाचा?

मेघनाद साहा यांचे नाव पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचाल. 1893 साली ढाक्याजवळच्या खेड्यात, एका छोट्या दुकानदाराच्या घरी ते जन्मले. शिकत असताना वसतिगृहात जातीवरून अपमान त्यांनी सोसला. 1920 साली त्यांनी मांडलेल्या आयनीभवनाच्या समीकरणाने ताऱ्यांच्या प्रकाशाचे वाचन शक्य झाले. त्याच समीकरणावरून त्यांनी सांगितले की सूर्यावर एरवी न दिसणाऱ्या रुबिडियमच्या रेषा थंड डागांमध्ये दिसतील. अमेरिकेतील हेन्री नॉरिस रसेल यांनी शोध घेतला, तेव्हा त्या खरोखरच सापडल्या. ज्याला लोक डाग म्हणत होते, तेथेच पुरावा होता.

एक सूचना मात्र कळकळीची. उघड्या डोळ्यांनी, एक्स-रे फिल्ममधून किंवा साध्या दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. दृष्टी कायमची जाऊ शकते. कागदावर प्रतिमा पाडून डाग पाहता येतात, ते शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.

शेवटी त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येतो. सूर्य ओम् म्हणत नाही. पण आपणही एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. उद्या कोणी मोबाईलवर असा संदेश पाठवील की सौर दोलनांचा शोध भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच लावला होता. ते वाचून आपली छाती फुगेल आणि आपण तो चार जणांना पुढे पाठवू. तसे करू नका. तथागतांनी दोलनांचा शोध लावला नव्हता. त्यांनी तपासून पाहण्याची वृत्ती दिली, आणि तिचे मोल कुठल्याही एका शोधापेक्षा अधिक आहे. धम्माला एहिपस्सिको म्हणतात, म्हणजे ये आणि स्वतः पाहा असे सांगणारा. दुसऱ्याच्या अंधश्रद्धेवर हसणे सोपे असते. आपल्याला सुखावणारी खोटी गोष्ट नाकारणे अवघड असते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाची खरी परीक्षा तेथे आहे.

डावीकडच्या नकाशात डाग नुसता काळा होता. उजवीकडच्या नकाशात त्याच डागाभोवती वलय दिसले. सूर्य बदलला नव्हता. पाहणाऱ्याने फक्त वेगळा सूर निवडला होता आणि न थकता तासन्‌तास पाहिले होते. संस्थेच्या अभ्यासिकेतून असा पाहणारा एक जरी विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी तयार झाली, तर आजच्या संध्याकाळचे सार्थक झाले असे मी समजेन.